गोळी किती वाजता उतरते?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी तुझा मेसेज आला. डब्याचा फोटो होता. सकाळी भरलेला डबा तसाच्या तसा, पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही, भेंडी कडेनं काळी पडलेली. खाली एवढंच लिहिलं होतंस, ‘मावशी, सोमवारपासून गोळी बंद करते.’ मी लगेच उत्तर दिलं नाही, त्याचं कारण पुढे सांगते. आज रविवार, ऑफिस बंद आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याच्या अवस्थेचं, निदान झालेली आणि गेली ८ वर्षं मिथाइलफेनिडेट, म्हणजे तुझंच हे औषध, घेणारी बाई आहे. औषध वाढवायचं, बदलायचं की थांबवायचं, हे तू तुझ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरव. पण गोळी घेऊन दिवस कसा काढायचा हे मी अंगावर काढत शिकले. कुणी सांगायला असतं तर माझी पहिली दोन वर्षं इतकी कठीण गेली नसती. ती तुझी जाऊ नयेत एवढ्यासाठी हे पत्र.

तू म्हणतेस, ‘गोळीनं मला त्रास होतो.’ या वाक्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. ‘अकराला तोंड कोरडं पडतं, चारला डोकं जड होतं, सातच्या सुमारास रडू येतं’ असं सांगितलंस तर बरंच करता येतं. म्हणून प्रत्येक त्रासाला पहिला प्रश्न एकच विचार, किती वाजता?

यामागचं कारण साधं आहे. हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही निरोप पोचवणारी रसायनं परत शोषली जाण्याची वाट अडवतं, त्यामुळे ती जास्त वेळ कामावर राहतात आणि तुझं लक्ष ड्रॉइंगवर ठरतं. पण नॉरॲड्रेनलिन काही फक्त लक्षाचं खातं सांभाळत नाही. छाती धडधडणं, तोंड सुकणं, भूक मरणं, बोटं गार पडणं, सगळीकडे त्याचा हात. फायदा आणि त्रास एकाच नळाचं पाणी आहे, आणि नळाला वेळ आहे. साधी गोळी ३ ते ४ तास चालते, लांब चालणारी तिच्या बनावटीप्रमाणे ८ ते १२ तास. ती चढते, माथ्यावर राहते, उतरते. त्रास चढताना होतो की माथ्यावर की उतरताना, त्यावर उपाय बदलतो.

आता डबा. दुपारी तुला भूक लागत नाही आणि सध्या तरी ती लागेल अशी वाट पाहू नकोस. पुष्कळ जणांची भूक पहिल्या काही आठवड्यांनंतर थोडी परत येते, माझी आली. तोवर भुकेवर नाही, घड्याळावर जेवायचं. गोळीच्या आधीचा अर्धा तास हा तुझ्या दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास आहे, कारण तेव्हा भूक तुझी असते. त्या वेळात पोटभर खा. मी दोन अंडी आणि भाकरी खाते, नाहीतर लोण्याबरोबर थालीपीठ, नाहीतर भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे. दुपारी पोळी-भाजी नेऊच नकोस. ती चावणंच नको होतं, घास तोंडात घोळत राहतो, मग डबा झाकून ठेवतेस. मीही हेच करायचे. पातळ मात्र जातं. ताक, नाचणीची आंबील, केळं, दहीभात. दीड वाजताचा गजर लाव आणि गजर झाला की अर्धा पेला का होईना, पी. रात्री भूक खवळून उठते तेव्हा फरसाणाचं पाकीट नको, वरण-भात-तूप असू दे. वजन दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर कर. दोन महिन्यांत तू ५४ किलोवरून ५१ वर आलीस असं म्हणालीस. ही ‘बघू’ म्हणण्याची गोष्ट नाही, डॉक्टरांना आकड्यासकट सांगायची आहे.

उपवासाचं वेगळं सांगते. पहिल्या वर्षी एका संकष्टीला मी कोऱ्या चहाबरोबर गोळी घेतली आणि साइटवर गेले. स्लॅबचं स्टील तपासायचं होतं. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, छातीत कुणी ढोल बडवतंय असं वाटलं, हातातला टेप धरवेना. विटांच्या ढिगावर बसले. मुकादमानं साखर-मीठ घातलेलं पाणी आणून दिलं आणि मी निघून जाईपर्यंत तो बाजूला उभा राहिला. रिकामं पोट, गोळी आणि चहा, तिन्ही एकत्र. तेव्हापासून उपवास असला तरी गोळीच्या आधी भगर आणि दाण्याची आमटी पोटात जाते. चहासुद्धा ऑफिसातले पाच कप होते, ते दोनवर आणले, आणि दुपारी तीननंतर नाही. तू कॉफी किती पितेस ते मोज. धडधडीतला बराचसा वाटा तिचाही असू शकतो.

या औषधाचा रक्तदाबाशी संबंध जन्मापासूनचा आहे. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा या औषध कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं. त्याच्या बायकोचा रक्तदाब कमी असायचा आणि टेनिस खेळायला जाण्याआधी ती ते घ्यायची असं सांगतात. तिचं लाडकं नाव रीटा, त्यावरून औषधाचं नाव रिटालिन. तिला ज्यानं तरतरी यायची तेच तुझ्या-माझ्या नाडीला घाई लावतं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ची मार्गदर्शक सूचना सांगते की डोस बदलला की प्रत्येक वेळी आणि एरवी दर ६ महिन्यांनी नाडी-रक्तदाब तपासावा. तू घरी मशीन घे. मोजण्याआधी ५ मिनिटं पाठ टेकून बस, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेव, आणि आकडा वेळेसह एका वहीत लिही, त्रासाच्या वेळाही त्यातच. सर्दी झाली की दुकानातून उठसूट सर्दीची गोळी आणू नकोस. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फेनिलेफ्रिन असतं आणि तेही रक्तदाब चढवतं. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलीस तरी आधी सांग, मी मिथाइलफेनिडेट घेते.

तू फोनवर जाता जाता एक गोष्ट बोलून गेलीस, की जास्त जड वाटलं तर गोळी अर्धी करून घेते. तुझ्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर लिहिलं आहे. ती गोळी औषध हळूहळू सोडावं म्हणून तशी बनवलेली असते. तोडून, चावून किंवा कुटून घेतली तर ती बनावट बिघडू शकते आणि दिवसभराचं औषध लवकर सुटतं. सकाळी जास्त धडधड आणि दुपारीच गळपटणं यातून आलं असेल का, हे तुझ्या वहीतून कळेल. कमी डोस हवा असेल तर कमी डोसची गोळी मागून घ्यायची, ब्लेड चालवायचं नाही.

आता संध्याकाळ. मला सगळ्यात जास्त हेच लिहायचं होतं.

माझा मुलगा तेव्हा ९ वर्षांचा होता. ओला टॉवेल त्यानं गादीवर टाकला होता, रोजच्यासारखाच. मी हातातली स्टीलची वाटी भिंतीवर फेकली. ती त्याला लागली नाही. पण वाटी फिरत फिरत थांबेपर्यंत तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी विसरलेले नाही. त्या रात्री मला वाटलं, गोळीनं माझ्या आतली वाईट बाई बाहेर काढली. गोळी बंद करायचं तेव्हाच ठरवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फक्त विचारलं, किती वाजता? साडेसहा. आदल्या आठवड्यात नवऱ्याशी भांडण? पावणेसात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रडू? साडेसहाच्या आसपास. मग त्यांनी महिनाभर वेळा लिहायला सांगितल्या. एकही प्रसंग सकाळचा नव्हता.

औषध उतरताना असं होऊ शकतं. दिवसभर धरून ठेवलेला आधार निघतो, पोट रिकामं असतं, थकवा एकदम जाणवतो आणि मूळचा चिडचिडेपणा दुपटीनं वर येतो. त्यात तुझा स्वभाव शोधू नकोस. डॉक्टरांकडे यावर उपाय असतात. गोळीचा प्रकार बदलणं, वेळ सरकवणं, कधी दुपारी छोटा डोस जोडणं. माझ्या बाबतीत प्रकार आणि वेळ दोन्ही बदललं. घरी मी साडेपाचला काहीतरी खातेच, लाडू किंवा उकडलेलं अंडं. सव्वासहा ते सव्वासात कुठलाही निर्णय घेत नाही, हिशेब करत नाही, कुणाला उलट उत्तर लिहीत नाही. मुलाला मी त्या महिन्यात सगळं समजावून सांगितलं. आता तो १७ वर्षांचा आहे आणि मी त्या वेळी गप्प झाले की पाण्याचा तांब्या आणून ठेवतो.

आता तुझ्या मेसेजची वेळ परत बघ. ७ वाजून १० मिनिटं. तू सकाळी नऊला गोळी घेतेस. म्हणूनच काल मी उत्तर दिलं नाही. गोळी बंद करायची की नाही हा विचार तू कर, पूर्ण हक्कानं कर, पण सकाळी अकराला कर, खाऊन.

पाळीच्या आधीच्या दिवसांचीही खूण वहीत कर. पुष्कळ जणींना त्या दिवसांत औषध कमी पडल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. त्या आठवड्यात स्वतःहून डोस वाढवणं हा मोह होतो, तो टाळ आणि डॉक्टरांना दाखव. झोपेचं थोडक्यात, सकाळी लवकर घेतलेली गोळी रात्री कमी छळते. नऊऐवजी साडेसातला घेता येईल का ते विचार. मात्र रात्री अकराला झोप येत नाही यात गोळीचा हात किती आणि हातातल्या फोनचा किती, हे प्रामाणिकपणे लिही. दातही बघ. स्कूटरवर हेल्मेटच्या आत मी दात आवळलेले असायचे, घरी आल्यावर जबडा दुखायचा, आणि कारण कळायला मला सहा महिने लागले.

तू म्हणालीस, ‘काम होतं, पण हसू येत नाही, मी मी राहिले नाही.’ हे ऐकून मला भुकेपेक्षा जास्त काळजी वाटली. एकाग्रतेसाठी एवढं सोसावंच लागतं असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मानू नकोस. असं बधिर वाटणं ही पुष्कळदा डोस जास्त होत असल्याची खूण असते. याच शब्दांत डॉक्टरांना सांग. हे औषध सोसतच नाही असं ठरलं तर ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळ्या जातीची औषधंही आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांचेही स्वतःचे त्रास आहेत, पण दार एकच नाही.

इंटरनेटवर वाचतेस तेव्हा कुठल्या औषधाबद्दल लिहिलंय ते आधी बघ. अमेरिकेतली माणसं बरेचदा ॲडरॉलबद्दल लिहितात. ते ॲम्फेटामिन आहे, आपल्या दुकानांत मिळत नाही. संत्र्याचा रस टाळा, व्हिटॅमिन सी टाळा हे सल्ले त्या औषधाचे आहेत. तुझी गोळी वेगळी आहे.

आणि ती संपायच्या आत आण. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि असा परवाना असलेली दुकानं मोजकीच. पत्त्यात ७ गोळ्या उरल्या की दुकानात फोन कर. मला एकदा एका दुकानात भर गर्दीत मोठ्यानं विचारलं गेलं होतं, ‘हे नशेचं औषध तुम्हाला कशाला?’ मी मान खाली घालून परत आले होते. तू तसं करू नकोस. चिठ्ठी पुढे कर आणि उभी राहा.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, श्वास अडला, नसलेलं दिसायला किंवा ऐकू यायला लागलं, तर वही बिही काही नको, त्याच क्षणी दवाखाना. जीव नकोसा वाटला तर मला कितीही वाजता फोन कर. मी उचलला नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, तिथे मराठीत बोलतात.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून बुधवारची वेळ अलीकडे घेता येते का विचार. गोळी तोडण्याचं, वजनाचं आणि हसू न येण्याचं, तिन्ही फोनवरच सांग. वही साधीच ठेव, वेळ, काय खाल्लं, काय झालं, बस्स.

समोरच्यांचा मुलगा उद्या दुपारच्या एसटीनं पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर दाण्याचे लाडू पाठवते, चोवीस आहेत. एक गोळीच्या आधी, एक साडेपाचला. डबा परत आला तरी फोटो पाठव, फक्त खाली वेळ लिही.

तुझी,
मावशी