ओळखीच्या वादकामागून लॅटिन जॅझकडे

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे जॅझ ऐकणाऱ्यांची आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त करून छापले आहेत.

प्रश्न : मी काही वर्षे तबला शिकलो आणि माझे ऐकणे मुख्यतः शास्त्रीय संगीताचे आहे. अलीकडे माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ हे दोन अल्बम ऐकले आणि फार आवडले. आता लॅटिन जॅझ ऐकावे असे वाटते. पण पन्नास-पन्नास नावांच्या याद्या पाहून गोंधळच वाढतो. सुरुवात कोठून करावी? (सांगली)

उत्तर : लॅटिन जॅझ, म्हणजे मुख्यतः क्यूबाच्या तालांवर बेतलेला जॅझ, याच्या याद्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. कोणाच्या तरी मते श्रेष्ठ ठरलेले अल्बम ओळीने संपवण्यापेक्षा आपल्या ओळखीचा एखादा वादक किंवा एखादी धून धरून पुढे गेले, तर कान लवकर तयार होतो, असे माझे मत आहे. आणि आपल्या हाती असलेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधूनच तशी एक वाट निघते. या अल्बमवर दोन सॅक्सोफोन आहेत. त्यांपैकी टेनर जॉन कोल्ट्रेनचा. दुसरा, म्हणजे ऑल्टो, अधिक मोकळा, किंचित खट्याळ आणि ब्लूजमध्ये मुरलेला, तो कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा. हे ध्वनिमुद्रण १९५९ च्या मार्च-एप्रिलमधले आहे. त्याच्या सव्वा वर्ष आधी, डिसेंबर १९५७ मध्ये, हाच अ‍ॅडर्ली क्यूबाचा गायक माचितो याच्या वाद्यवृंदात पाहुणा म्हणून वाजवून गेला होता. तो अल्बम म्हणजे ‘केनिया’, आणि आपण येथूनच सुरुवात करावी.

‘काइंड ऑफ ब्लू’वरील ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार (बार म्हणजे तालाचा छोटा, समान गट) एकच स्वरमालिका, मग आठ बार तीच अर्ध्या स्वराने वर आणि पुन्हा आठ बार मूळ जागी, एवढाच आराखडा आहे, त्यामुळे अ‍ॅडर्लीला मोकळे रान मिळते. ‘केनिया’मध्ये मात्र एका बाजूला ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची फळी आणि दुसऱ्या बाजूला कोंगा, बोंगो व टिंबालेस या क्यूबाच्या तालवाद्यांचा न थांबणारा ताल, यांच्यामधून त्याला जागा काढावी लागते. वादक तोच, पण तो वाक्य कोठे सुरू करतो आणि कोठे तोडतो हे बदललेले आहे. लॅटिन ताल जॅझवादकाकडून काय मागतो, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन ध्वनिमुद्रणांतून अधिक स्पष्ट दिसते. (बोंगो आणि ट्रम्पेटची जोडी आपल्या कानांना अगदीच परकी नाही, सी. रामचंद्र आणि त्यांचे साहाय्यक, गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांनी ती १९५१ च्या ‘अलबेला’मधून घरोघरी पोहोचवली होती.)

माचितोचा वाद्यवृंद १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. त्याची संगीताची बाजू सांभाळणारा मारिओ बाउसा हा माचितोच्या बहिणीचा नवरा. हवानात शिकून आलेला हा वादक आधी चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदांत होता आणि कॅलोवेकडे तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी त्याचा सहकारी होता. पुढे गिलेस्पीला कोंगावादक हवा झाला तेव्हा चानो पोसोशी त्याची गाठ घालून दिली ती बाउसानेच. त्या भेटीतून निघालेली ‘मांतेका’ ही रचना ३० डिसेंबर १९४७ रोजी ध्वनिमुद्रित झाली. पोसोला नोटेशन वाचता येत नव्हते आणि इंग्रजीही येत नव्हते. त्याने बास, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांचे तुकडे एकेक करून तोंडाने म्हणून दाखवले आणि मधला सोळा बारांचा भाग गिलेस्पीने रचला. ‘मांतेका’ ऐकताना हा सांधा कानांना कळतो: सुरुवातीला एकावर एक चढत जाणारे छोटे तुकडे पोसोचे, आणि सूर जेथे वळणे घेऊ लागतात तेथून गिलेस्पी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४८ मध्ये, हार्लेममध्ये पोसोचा गोळी घालून खून झाला. एवढ्या थोड्या काळात एवढे काम मागे ठेवून गेलेला दुसरा तालवादक मला सुचत नाही.

आपण तबला शिकलेले आहात, म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. क्यूबाच्या तालाचा कणा म्हणजे क्लावे, दोन काठ्या एकमेकींवर आपटून वाजवला जाणारा पाच आघातांचा ठेका. दोन बारांचे मिळून सोळा मात्रांचे आवर्तन धरावे आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्यावी. पहिल्या अर्ध्यात तीन आघात आणि दुसऱ्यात दोन, म्हणून याला तीन-दोनचा क्लावे म्हणतात. अर्ध्यांची अदलाबदल केली की दोन-तीनचा होतो आणि टाळ्या ३, ५, ९, १२ व १५ वर येतात. सोळा मात्रा म्हटल्यावर त्रिताल आठवणे साहजिक आहे, परंतु तेथेच फसगत होते. आपला कान समेची वाट पाहत राहतो, आणि येथे बास बहुतेक वेळा नेमकी पहिलीच मात्रा मोकळी सोडतो. त्याचा साधा ठेका ४, ७, १२ आणि १५ या मात्रांवर पडतो. म्हणजे समेचे वजन सम येण्याआधीच देऊन तो मोकळा होतो. आठवडाभर हाताने क्लावे धरून ‘केनिया’मधला बास ऐकावा. क्लावेच्या काठ्या प्रत्यक्ष वाजत नसल्या तरी सारे वादक त्यांच्या हिशेबाने चाललेले असतात, हे लवकरच जाणवू लागेल.

‘टाइम आउट’चे आकर्षण वेगळे आहे. ‘टेक फाइव्ह’च्या पाच मात्रा किंवा ‘ब्लू रोंडो’मधील दोन-दोन-दोन-तीन अशी नऊची विभागणी आपल्याला जवळची वाटते, आणि ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात आला तेव्हा मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवूनही गेला होता. तरीही मात्रांच्या विषम संख्येत लॅटिन जॅझ शोधू नये. तो बहुधा चारातच असतो आणि त्याची गुंतागुंत आवर्तनाच्या पोटात असते.

यापुढची जोडी ‘आफ्रो ब्लू’ या एकाच रचनेची घ्यावी. कोंगावादक मोंगो सांतामारियाची ही रचना त्याच्या १९५९ च्या ‘मोंगो’ या अल्बमवर आहे. तेथे तीन-तीनचे आणि दोन-दोनचे गट एकाच वेळी चालू असतात. कोणता धरून ऐकायचा हे आपल्यावर. कोल्ट्रेनने तीच धून ऑक्टोबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवली, आणि तेथे एल्विन जोन्सच्या ड्रम्समुळे तिचा वेगवान, उसळता तीनाचा ताल झाला. दोन्ही लागोपाठ ऐकावीत, आणि मोंगोचे आधी.

या सर्वांनंतर जेरी गोन्सालेस आणि फोर्ट अपाचे बँड यांचा १९८९ चा ‘रुंबा पारा मंक’ ऐकावा. त्याआधी मात्र जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक स्वतः थोडा ऐकलेला असला पाहिजे. मंकच्या ठेचकाळत चालणाऱ्या धुना क्लावेत अशा बसतात की त्या मुळात तेथल्याच असाव्यात, असा भास होतो. गोन्सालेस ट्रम्पेटही वाजवतो आणि कोंगाही, आणि त्यामुळे ताल व सूर अशी कामाची वाटणीच तेथे उरत नाही. जॅझच्या तयार पदार्थावर कोथिंबिरीसारखा कोंगा भुरभुरलेले अल्बम बाजारात पुष्कळ आहेत. ‘रुंबा पारा मंक’ ऐकल्यावर ते आपोआप वेगळे काढता येतील.

प्रश्न : सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ व ब्राझीलचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांचा ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ आमच्या घरी सर्वांना आवडतो. याला लॅटिन जॅझ म्हणावे का, आणि या प्रकारचे आणखी काय ऐकावे? (डोंबिवली)

उत्तर : दुकानात तो त्याच कप्प्यात सापडतो, परंतु त्याचे घराणे निराळे आहे. बोसा नोव्हा ब्राझीलचा आणि तो सांबामधून आला. क्यूबाचा क्लावे त्याच्या मुळाशी नाही. जिल्बेर्तोची गिटार एकदा गाण्याकडे दुर्लक्ष करून ऐकावी. अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाप्रमाणे खालचे सूर समान अंतराने देत राहतो, बोटे वरचे सूर त्या लयीच्या मागेपुढे सोडतात, आणि गळा या दोघांच्याही वेळापत्रकाने चालत नाही. हे सगळे इतक्या हलक्या आवाजात चालते की त्यातली तयारी लक्षातच येत नाही. उलट गेट्झ मला काही ठिकाणी गरजेपेक्षा मोठ्याने बोलतो असे वाटते, पण हे मत सर्वमान्य नाही याची मला कल्पना आहे.

‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ ही रचना अल्बमवरूनच ऐकावी. रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीतून जिल्बेर्तोचे पोर्तुगीजमधील गायन कापून टाकले होते आणि फक्त त्याची तेव्हाची पत्नी आस्ट्रूड हिचे इंग्रजी कडवे ठेवले होते. त्यामुळे अनेकांना ते गाणे अर्धेच ठाऊक आहे.

पुढे जायचे तर आधी मागे जावे: जिल्बेर्तोचा १९५९ चा ‘शेगा जी साउदाजी’. त्यात जॅझ जवळपास नाही, पण गेट्झने जे उचलले ते कोठून, हे कळते. एलिस रेजिना आणि आंतोनिओ कार्लोस जोबिम यांचा १९७४ चा ‘एलिस अँड टॉम’ घरात सर्वांनी मिळून ऐकण्यासारखा आहे. ज्यांना जॅझ अधिक हवे त्यांनी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरने गायक मिल्टन नासिमेंटोला बरोबर घेऊन केलेला ‘नेटिव्ह डान्सर’ (१९७५) ऐकावा. गेट्झ व चार्ली बर्ड यांच्या १९६२ च्या ‘जॅझ सांबा’ची शिफारस सर्वत्र आढळते, इतिहास म्हणून तो महत्त्वाचा आहे, परंतु आज तो मला काहीसा फिका लागतो.

प्रश्न : ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा जॅझ आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. तो प्रामुख्याने सोन, बोलेरो आणि दांसोन या क्यूबाच्या जुन्या प्रकारांचा अल्बम आहे. परंतु त्यावर बास वाजवणारा काचाइतो लोपेस हा क्यूबाचा बासवादक काचाओ लोपेसचा पुतण्या. आणि काचाओने १९५७ मध्ये हवानात केलेली ‘देस्कार्गास’ची ध्वनिमुद्रणे आपण अवश्य ऐकावीत. नाइटक्लबमधले काम संपवून वादक उत्तररात्री पानार्ट कंपनीसाठी जमत आणि एखादा छोटा तुकडा घेऊन आयत्या वेळी विस्तार करीत. बहुतेक तुकडे दोन-तीन मिनिटांचेच आहेत, त्यामुळे कोणीही पाल्हाळ लावत नाही. ‘बुएना व्हिस्टा’ १९९६ मध्ये ज्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, तोही पूर्वी पानार्टचाच होता.

प्रश्न : ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या एलपीबरोबर मी बासरीवर ‘सो व्हॉट’ वाजवून पाहतो, तेव्हा सूर जुळत नाही, ‘ऑल ब्लूज’ मात्र जुळते. दोष बासरीत आहे की रेकॉर्ड प्लेअरमध्ये? (पुणे)

उत्तर : दोन्हींत नसावा. २ मार्च १९५९ च्या सत्रात ज्या टेपयंत्रावरची फीत एलपीसाठी वापरली गेली, ते किंचित मंद चालत होते. अशी फीत योग्य वेगाने वाजवली की सूर चढे येतात. त्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेल्या तीन रचना, म्हणजे ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, एलपीच्या पहिल्या बाजूला आहेत. ‘ऑल ब्लूज’ २२ एप्रिलच्या सत्रातली आणि दुसऱ्या बाजूची, म्हणून ती आपल्या बासरीशी जुळते. ही चूक दुसऱ्या यंत्रावरच्या जादा फितीवरून १९९० च्या दशकात दुरुस्त करण्यात आली. १९९७ च्या पुनर्मुद्रणात ती दुरुस्ती आहे. बरोबर वाजवण्यासाठी ती किंवा तिच्यावर आधारलेली नंतरची आवृत्ती घ्यावी. जुनी एलपी मात्र विकू नये. तिच्या दुसऱ्या बाजूत काहीच खोट नाही.