ऑस्वल्ड फक्त हलकट आहे का?

प्रश्न : ताई, आमच्या नाटकाच्या ग्रुपच्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधे मला ऑस्वल्ड मिळालाय, राजाच्या थोरल्या मुलीचा, गॉनरिलचा कारभारी. मोजक्या एन्ट्र्या, त्यात शिव्या खायच्या, शेवटी मरायचं. दिग्दर्शक म्हणतात हलकट वाटला की झालं. मग मी अभ्यास कशाचा करू?

उत्तर : वहीत एका बाजूला बाकीचे तुमच्याबद्दल काय बोलतात ते लिहा, दुसऱ्या बाजूला तुम्ही काय करता ते. राजाचा एकनिष्ठ सरदार केंट शिव्यांची नुसती रांग लावतो पण तो केंटचा राग आहे, तो राग तुम्ही तुमच्या चेहऱ्यावर घेऊन फिरायचं काही कारण नाही. राजा लिअर विचारतो मी कोण, तुम्ही म्हणता बाईसाहेबांचे वडील. हे ऐकलं की उद्धट वाटतं, पण त्याच्या आधीच्याच प्रवेशात गॉनरिलने तुम्हाला सांगितलेलं असतं की राजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा, म्हणजे तुम्ही हुकूम पाळताय! ते वाक्य अगदी शांतपणे, अदबीने म्हणून बघा, जास्त लागतं ते, माझा अनुभव आहे.

मला सगळ्यात आवडतो तो गॉनरिलच्या बहिणीबरोबरचा, रीगनबरोबरचा प्रवेश. ती गॉनरिलचं एडमंडसाठीचं पत्र उघडू दे म्हणते, गोड बोलते, तुम्ही देत नाही. आणि हाच माणूस थोड्या वेळाने आंधळा झालेला सरदार ग्लॉस्टर दिसल्यावर बक्षिसासाठी त्याच्यावर तलवार उपसतो, ज्याने आधी केंटसमोर तलवार काढली नव्हती आणि मदतीला या म्हणून ओरडला होता. निष्ठा, हाव, भित्रेपणा तिन्ही खरं आहे, एकालाच धरून बसलात तर भूमिका सपाट होईल. ग्लॉस्टरचा मुलगा एडगर तुम्हाला मारतो तेव्हाही मरता मरता काय सांगता, तर माझ्याजवळची पत्रं एडमंडला, म्हणजे ग्लॉस्टरच्या अनौरस मुलाला, पोचव. स्वतःच्या मारेकऱ्याला सांगता हो! आणि त्याच पत्रातून गॉनरिलचा नवऱ्याला मारायचा कट उघडा पडतो.

म्हणून ते पत्र कुठे ठेवलंय हे पहिल्या तालमीपासून ठरवा, रीगन बोलत असताना हात तिकडे आपोआप जातो का बघा. आणि अजून एक, रीगन विचारते पत्रात काय आहे, तुम्ही म्हणता माहीत नाही. पण पहिल्या अंकात गॉनरिलचं बहिणीला जाणारं पत्र तुम्हीच लिहिलेलं असतं. मग आता खरंच माहीत नाही की खोटं बोलताय? शेक्सपिअरने सांगितलेलं नाही, तुम्ही ठरवा आणि मला नक्की कळवा.