आई-वडिलांना घेऊन फिरायचं तर लांब की जवळ? मनाली की बामणोली?

प्रश्न असा आहे: "आई-वडील सत्तरीचे आहेत, सगळी हयात साताऱ्यात गेली. मुलांना सुट्टी आहे, हाताशी आठ-दहा दिवस आहेत. एकदाच काय ते लांब, हिमाचलला वगैरे न्यावं, की इथंच कास, ठोसेघर, महाबळेश्वर निवांत फिरवावं? त्यांना जास्त आनंद कशात होईल?"

यातल्या "त्यांना" या एका शब्दावरून आमच्या घरात तीन महिने अबोला होता. म्हणून रात्रीचं जेवण आवरून लिहायला बसले.

आमचे अण्णा एसटीत चालक होते, सातारा आगार. २००५ साली निवृत्त झाले. सातारा-महाड त्यांनी कित्येक वर्षं केली. भर पावसात आंबेनळी घाट, दरड आली की तिथंच रात्र. शेजारची पोरं मे महिन्यात गणपतीपुळ्याला, कुणी थेट तिरुपतीला जाऊन यायची आणि आम्ही दोघं भावंडं कट्ट्यावर बसून ऐकायचो. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं, "सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीत बसू व्हय?" आई काही बोलायची नाही. सुट्टीत आम्ही एकाच ठिकाणी जायचो, आजोळी, कासच्या पठाराकडच्या वाडीत.

यावरून दादानं एक अर्थ काढला आणि मी दुसरा. दादाचं म्हणणं, आई-अण्णांनी जगात काही बघितलं नाही, त्यांना दाखवायला हवं. माझं म्हणणं, आई-अण्णांना घरच बरं वाटतं, त्यांना ओढू नका. दादा पुण्यात, मी साताऱ्यात, पतसंस्थेत नोकरी. खरं सांगते, माझं म्हणणं मला सोयीचंही होतं. मार्चएंड, लेकाच्या परीक्षा, रजा. "त्यांना घरच आवडतं" म्हटलं की सगळे प्रश्न मिटायचे.

२०२२च्या मे महिन्यात दादानं मनालीचा घाट घातला. पुण्याहून दिल्लीला विमान, पुढं टेम्पो ट्रॅव्हलर. आम्ही नऊ जण. अण्णा तेव्हा पंच्याहत्तरीचे, आई सत्तरीची. दादानं सीटसुद्धा ठरवल्या होत्या. आई-अण्णा मधल्या रांगेत खिडकीशी, मानेला उशी, पायाखाली पिशवी नको. मायेनंच केलं होतं सगळं, ते नाकारत नाही.

पहिला घाट लागला आणि अण्णा उठून पुढं ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. तो हिमाचली माणूस म्हणाला, "अंकलजी, पीछे आराम से बैठो ना." अण्णा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "आराम क्या करेगा, मैं भी डायवर. एसटी." त्यानं एकदा मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि पुढच्या डब्यातली बडीशेप त्यांच्यासमोर धरली. तिथून पुढचे सहा दिवस आमच्या गाडीत दोन गट झाले. मागं आम्ही, पुढं ते दोघं.

रोहतांग खिंडीकडं निघालो त्या दिवशी एका वळणावर समोरून उतरणारी गाडी आली. रस्ता अरुंद, एका बाजूला बर्फाची भिंत. उतरणारा कडेला दाबून थांबला, आमची गाडी वर गेली. अण्णा मागं वळून माझ्या लेकाला म्हणाले, "बघितलंस का? चढणाऱ्याला वाट दिली. आंबेनळीत ह्येच." लेक कानात इअरफोनचं बोंडूक घालून बसलेला, त्यानं नुसती मान हलवली. मग अण्णा आणि ड्रायव्हर, दोघांचं सुरू झालं. ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर उतरवशील तर ड्रम तापून ब्रेक बसणार नाहीत. हे अण्णा अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगत होते आणि तो त्यांचं वाक्य पुढं पुरं करत होता. तो आधी लेहकडं ट्रक न्यायचा. थंडीत डिझेल गोठतं तेव्हा टाकीखाली शेकोटी कशी पेटवायची, हे त्यानं सांगितलं तेव्हा अण्णा लहान पोरासारखे "आगीवर टाकी?" म्हणून ओरडले. बाहेर काय दिसत होतं ते त्यांनी बघितलं नाही असं नाही. त्यांनी रस्ता बघितला.

रोहतांग ३,९७८ मीटर, म्हणजे तेरा हजार फूट. वर गेल्यावर अण्णा दहा मिनिटं उतरले, "गार हाय" म्हणाले आणि परत गाडीत गेले. तिथं ड्रायव्हरनं त्यांना आपल्या सीटवर बसवलं. इंजिन बंद. अण्णांनी क्लच दाबून बघितला, गिअरची मूठ हातात घेऊन उगाच इकडंतिकडं हलवली. दादानं वैतागून तो फोटो काढला.

आणि आई! भाड्यानं घेतलेला केशरी कोट नऊवारीवर चढवलेला, पायात गमबूट. तासभर ती गाडीकडं फिरकली नाही. बर्फ हातात घेतला, दाबला, तोंडात घातला आणि नातीला म्हणाली, "कालाखट्टा आणायला पायजे हुता." मग जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात बर्फ भरला. शेजारणीला दाखवायचा होता म्हणे. हॉटेलवर येईपर्यंत अर्धा डबा पाणी. ते तिनं टाकलं नाही, घटाघटा पिऊन टाकलं.

रात्री दादा भडकला. "एवढे पैसे घातले आणि अण्णा ड्रायव्हरशी गप्पा मारत बसले. गाडीच बघायची होती तर सातारा स्टँडवर बसवलं असतं." मी म्हणाले, तरी मी सांगत होते, त्यांना घरच बरं. तो म्हणाला, "तू तर त्यांना कासच्या पुढं नेलंच नसतंस." लागलं, कारण खरं होतं. मग मी म्हणाले की तुला आईचा डबा दिसलाच नाही, तुला फक्त तुझे पैसे दिसतात. हेही लागलं असणार. त्यानं अण्णांचा तो फोटो डिलीट करतो म्हणून सांगितलं आणि दार आपटलं. परतीच्या प्रवासात आम्ही वहिनीमार्फत बोलत होतो.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी ऑगस्टपासून पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत झाली. अण्णा कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाले, कासच्या पुढं बामणोलीला जाऊन येऊ, एसटीनं. नोव्हेंबरात गेलो. अण्णा फुकट, आईचं ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, आमचं पूर्ण. (बायकांना अर्धं तिकीट पुढच्या मार्चमध्ये, २०२३ला झालं.) आई यायला तयार नव्हती. "त्या पठाराचं मला काय कौतुक सांगता," म्हणाली. शेवटी आली, पण तोंड वाकडं करूनच.

यवतेश्वर गेलं, पेट्री गेलं, कास आलं. फुलांचा हंगाम संपलेला, नुसतं पिवळं गवत. माझ्या लेकानं सप्टेंबरात मित्रांबरोबर ऑनलाइन बुकिंग करून, पैसे भरून कास बघितलेलं. तो आजीला सांगायला लागला, हे २०१२पासून जागतिक वारसा आहे, इथं टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सीतंची आसवं बघितलीस का? निळी असत्यात, बारकी. त्यातनं आम्ही जळणाचा भारा घेऊन अनवाणी जायचो. आमच्या म्हशीनं कधी तिकीट काढलं न्हाई." आणि खिडकी लावून घेतली. वारा लागत होता असं तिचं म्हणणं.

म्हणजे ज्या पठारासाठी मुंबईहून लोक रात्रीचे निघतात, ते आईच्या लेखी कामाचं ठिकाण. आणि जो बर्फ बघायला दादानं आम्हाला नेलं, तो अण्णांच्या लेखी बाजूला पडलेली गोष्ट, पण तिथला घाट मात्र त्यांच्या ओळखीचा. मग घर कुठलं आणि लांबचं कुठलं?

बामणोलीला अण्णांची मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी न्यायची, रात्री शाळेच्या ओसरीवर झोपायचं, पहाटे सहाला घेऊन निघायचं. त्यांनी आम्हाला गाडी वळवायची जागा दाखवली, ओसरी दाखवली, नाचणीची भाकरी आणि ठेचा कुठल्या घरातून यायचा ते दाखवलं. मला वाटलं आता कुणीतरी म्हातारं येऊन गळ्यात पडणार. झालं भलतंच. बोटीच्या धक्क्याशी पन्नाशीचा एक माणूस अण्णांकडं बघत बघत आला आणि म्हणाला, "डायवर, तुमी मला सोडून गेला हुता. माजा धावीचा पेपर बुडाला."

अण्णा एक क्षणही न थांबता म्हणाले, "तू आंगोळ करत बसला हुतास."

"दोन मिन्टं थांबला असता तर?"

"वर चार वाड्या हुत्या, तिथली पोरं पेपरला न्हवती व्हय?"

दोघं अर्धा तास भांडले. खरं भांडण, हातवारे करून. मग त्याच माणसानं चहा पाजला, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात बोटीनं हिंडवलं आणि पैसे घेताना दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत. परत येताना अण्णा इतके खुशीत होते की शीळ घालत होते. आई म्हणाली, "भांडायला एवढ्या लांब आणलं व्हय?" तिला बोटीत बरं वाटलं होतं, पण ते तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: "आई-वडील" हा शब्द एक असला तरी माणसं दोन आहेत. त्यांना एकत्र बसवून विचारलंत तर वडील बोलतील आणि आई "व्हय" म्हणेल. आईला स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारा. माझी आई पन्नास वर्षं गप्प बसली ती घर आवडत होतं म्हणून नव्हे, तिला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. यात मीही आले. आणि वडिलांना "कुठं जायचं" विचारू नका, "तुम्ही काय दाखवाल" विचारा. दहा दिवस आहेत ना? सात लांब घालवा, तीन इथं. पण इथले तीन दिवस त्यांच्या मनानं, यादी तुम्ही करायची नाही.

यादी मागितलीच असेल तर थोडक्यात सांगते. कासला शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका, हंगामात फुलांपेक्षा सेल्फीवालेच जास्त. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर बघा, १७१९ ते १७२४ या काळात वीरुबाई भोसल्यांनी बांधलेली. विहिरीच्या आतच वर छोटा महाल आहे, आणि मे महिन्यातसुद्धा आत गार लागतं. पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा. अजिंक्यताऱ्यावर गाडी बरीच वर जाते, सज्जनगडला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. ठोसेघर पावसाळ्यातच, उन्हाळ्यात तिथं धारेच्या नावाखाली ओला कातळ दिसतो. बामणोलीहून वासोटा किल्ल्यावर म्हाताऱ्यांना नेऊ नका, ती चढण त्यांची नव्हे, आणि पावसाळ्यात तो बंदच असतो.

हिमाचलचं म्हणाल तर रोहतांगला गाड्यांना परमिट लागतं आणि संख्या मर्यादित असते, मंगळवारी दुरुस्तीसाठी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत, तेवढं ठरवताना बघा. वडिलांना दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर तेरा हजार फूट हा खेळ नाही, आधी डॉक्टरांना विचारा, हे मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आमच्या आईलाही उतरताना धाप लागली होती, आम्ही ती हसण्यावारी नेली, तुम्ही नेऊ नका. वर जायचंच नसेल तर २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडं सिस्सू गावाला जाता येतं. नऊ किलोमीटरचा बोगदा आहे, उंचीही बरीच कमी. अण्णांना तो दाखवायचा राहिला. बोगद्यात गाडी चालवण्यात काय मजा, असं ते म्हणतात, पण बघितल्याशिवाय बोलतात.

आणि ज्यांचे वडील चालक, वाहक, मोटारमन असं काही होते, त्यांनी त्यांना मधल्या रांगेत उशी देऊन बसवू नये. हे तुम्हाला नाही, दुसऱ्या एकाला सांगतेय. तो इथं वाचायला येतो. दादा, मनालीच्या खर्चातले माझ्या वाट्याचे पैसे राहिलेत, ते या महिन्यात पाठवते. अण्णांचा स्टेअरिंगवरचा फोटो तू डिलीट केलेला नाहीस, वहिनीनं मला सांगितलंय. तो घरच्या ग्रुपवर टाक. आई विचारते आहे.