झोप, जमाखर्च आणि अस्थिर दिवस : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत पैसा आणि झोप हे विषय एकमेकांत इतके गुंतलेले होते की उत्तरेही एकत्रच देत आहोत.

प्रश्न : कामाची शाश्वती उरलेली नाही. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, फोन उघडून खात्यातली शिल्लक पाहते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. आधी झोपेचं बघू की पैशाचं?

आधी झोपेचं. पैशाचे निर्णय ज्या डोक्याने घ्यायचे, ते ताळ्यावर असायला हवे. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची चाचण्यांतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही खालावते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्या अवस्थेत ठेव मोडणे, कर्ज घेणे, नोकरी सोडणे यांपैकी काहीही ठरवू नये.

मध्यरात्री जाग येण्यात वावगे काही नाही. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, त्याच्या शेवटी झोप हलकी होते आणि पहाटेकडे गाढ झोपेचा वाटा मुळातच कमी असतो. त्या दोन-चार मिनिटांच्या जागेपणाचे जागरण होते ते फोनमुळे. शिल्लक पाहिली की वजाबाकी सुरू होते. असे रोज घडले की अंथरूण म्हणजे हिशेबाची जागा, हे मेंदूच्या अंगवळणी पडते. ती सवय अशी मोडा : फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, गजराला साधे घड्याळ वापरा आणि त्याचे तोंड भिंतीकडे करा. अंदाजे २० मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात बसून काहीतरी संथ, बिनमहत्त्वाचे करा आणि पेंग आली की मगच परत अंथरुणावर या. एखादी काळजी डोके सोडत नसेल तर ती कागदावर एका ओळीत लिहा, आकडेमोड मात्र करू नका. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ तीच ठेवा. दुपारी डुलकी घ्यायचीच असेल तर २० मिनिटे, तीही तीनच्या आत. पहिले काही दिवस थकवा उलट वाढेल, आणि बहुतेक जण इथेच हा क्रम सोडून देतात. निदान तीन-चार आठवडे तो पाळा. कॉफीकडेही लक्ष असू द्या : कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे दुपारी चारच्या कपातले निम्मे रात्री नऊ-दहालाही अंगात असते.

आता पैशाचं. आठवड्यातला एक दिवस ठरवा, दिवसाउजेडी ४५ मिनिटे काढा आणि तीन आकडे लिहा : आजची शिल्लक, पुढच्या १४ दिवसांत नक्की जाणारी रक्कम, नक्की येणारी रक्कम. ‘येईल बहुधा’ असे पैसे तिसऱ्या आकड्यात धरायचे नाहीत. आकडे जुळत नसतील तर त्याच बैठकीत एकच पुढचे काम ठरवा : कुणाला फोन, कोणते बिल लांबवायचे, कोणती थकलेली येणी मागायची. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली तर बँकेकडून संदेश येईल अशी सोय लावून घ्या, म्हणजे सारखे डोकावायचे कारण उरत नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप मोडणे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, किंवा झोपेत मोठे घोरणे आणि श्वास अडकणे असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. औषधाविना, सवयी बदलून करायचे निद्रानाशाचे उपचार चांगले उपयोगी पडतात.

प्रश्न : सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असे सगळे सांगतात. माझी कमाई एका महिन्यात भरपूर, तर दुसऱ्या महिन्यात जवळजवळ शून्य. सुरुवात कुठून करू?

एका महिन्याच्या अटळ खर्चापासून. सहा महिन्यांचा आकडा पाहून माणूस हबकतो आणि काहीच करत नाही.

अटळ खर्च म्हणजे भाडे किंवा घराचा हप्ता, वीज-पाणी, जेवण, औषधे, विमा, कर्जांचे हप्ते, कामावर जाण्या-येण्याचा खर्च. तो आठवणीवर काढू नका, तीन महिन्यांचे खातेउतारे समोर ठेवून काढा. मग वर्षातून एकदा येणारे खर्च वेगळे लिहा : विम्याचे हप्ते, फी, कर, दुरुस्त्या. त्यांच्या बेरजेला १२ ने भागून तो आकडा मासिक खर्चात मिळवा. राखीव पैसा पुन्हा पुन्हा मोडावा लागतो तो बहुतेक वेळा या पायरीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. विम्याच्या हप्त्याची तारीख वर्षभर आधी माहीत असते, ती आणीबाणी नव्हे.

कमाई अनियमित असेल तर दोन खाती करा. सगळी मिळकत पहिल्या खात्यात येऊ द्या. त्यातून कराचा वाटा लगेच वेगळा काढा. दर महिन्याच्या १ तारखेला पहिल्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात ठरलेला ‘पगार’ आपोआप जाऊ द्या. तो किती? मागच्या १२ महिन्यांची करानंतरची कमाई लिहा आणि त्यांतल्या सर्वांत कमी चार महिन्यांची सरासरी काढा. अटळ खर्च तेवढ्यात भागत असेल तर तोच पगार. भागत नसेल तर अटळ खर्चाइतका पगार ठेवा, मात्र तो १२ महिन्यांच्या सरासरीच्या आत हवा. सरासरीही अटळ खर्चापेक्षा कमी भरत असेल, तर खात्यांची कितीही मांडामांड करून उपयोग नाही. घर, वाहन किंवा हप्ते यांतला एखादा मोठा खर्च तरी उतरवावा लागेल किंवा मिळकत वाढवावी लागेल, आणि हे जितक्या लवकर मान्य कराल तितके कर्ज कमी होईल.

पहिल्या खात्यात दोन पगारांइतकी रक्कम साठली की वरची राखीव निधीत टाका. घरात दोघे कमावते आणि नोकऱ्या स्थिर असतील तर तीन महिन्यांचा अटळ खर्च चालेल. एकच कमावता किंवा कमाई अनियमित असेल तर सहा किंवा जास्त. हा पैसा एक-दोन दिवसांत हाती येईल आणि मुद्दल हलणार नाही अशाच ठिकाणी हवा. शेअरमध्ये तो ठेवू नका. २००८ आणि २०२० मध्ये बाजार कोसळले तेव्हाच नोकऱ्याही गेल्या, म्हणजे नेमकी गरज पडली तेव्हा निधी आटलेला होता. महागाई या निधीला थोडे कुरतडेल. निश्चिंत राहण्याची ती किंमत आहे आणि आमच्या मते ती मोजण्यासारखी आहे.

प्रश्न : थोडी बचत आहे आणि क्रेडिट कार्डाची थकबाकीही. आधी काय?

एका महिन्याचा अटळ खर्च हाताशी ठेवा, बाकी सगळे कार्डाकडे वळवा. थकबाकी १०० धरा, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा ५. तुम्ही ५ भरले तरी बाकी फक्त २ ने उतरते. महिन्याचे ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांवर जातात; एवढा परतावा देणारी सुरक्षित बचत नसते. शिवाय बहुतेक कार्डांवर थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून ती फिटेपर्यंत कार्ड वापरू नका.

कर्जे अनेक असतील तर चढ्या व्याजाचे आधी फेडा. अपवाद एकच : छोटे कर्ज मिटवून एक अख्खा हप्ता सुटत असेल आणि महिना ओढाताणीचा असेल, तर ते आधी मिटवा.

हप्ता चुकणार हे दिसताच तारखेच्या आधी कर्ज देणाऱ्याशी बोला. किती भरू शकता आणि कधीपासून, हे आकड्यांत सांगा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. मुदत वाढवून देतो म्हणाले तर गणित विचारा. वार्षिक १२ टक्क्यांनी १०० चे कर्ज पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे ३३ जाते. आठ वर्षे केली तर हप्ता २७ टक्क्यांनी उतरतो, पण व्याज ५६ होते. जगण्यासाठी हे करावे लागले तर जरूर करा, हात सैल होताच मात्र हप्ता पुन्हा वाढवून घ्या.

प्रश्न : बाजार पडतोय. सगळे विकून मोकळा होऊ का?

तो पैसा कधी लागणार आहे? अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक २०२० मध्ये १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात सुमारे ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये जुन्या उच्चांकावर परतला. त्याच निर्देशांकाला ऑक्टोबर २००७ चा उच्चांक पुन्हा गाठायला मार्च २०१३ उजाडले. पाच-सहा वर्षांच्या आत लागणारा पैसा त्यामुळे तिथे नकोच. लांबचा असेल तर ठरलेली मासिक गुंतवणूक चालू ठेवा. मूल्य रोज पाहणे तेवढे बंद करा. वर्षातून दोनदा पुरे.

प्रश्न : स्वतःचा व्यवसाय आहे. सुट्टी घेतली की तेवढी कमाई बुडाली असे वाटते.

तसे वाटत असेल तर तुमचा दर चुकलेला आहे. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२, मोठ्या विश्रांतीचे १५, आजारपणाचे १० वजा केले की उरले २८८. आठवड्यातला एक दिवस हिशेब, वसुली आणि नवे काम शोधण्यात जातो. ते ४८ गेले. कमाईचे दिवस २४०. वर्षाची गरज ३६५ ने भागून दर काढला असेल तर सुमारे एक तृतीयांश पैसा कमी पडणारच, आणि ती तूट तुम्ही सुट्ट्यांतून भरून काढत आहात.

वर्षाची गरज, कर आणि धंद्याचा खर्च यांची बेरीज २४० ने भागा. तो झाला तुमचा दिवसाचा दर. नव्या ग्राहकांना आजपासून तोच सांगा, जुन्यांना एक-दोन महिन्यांची पूर्वसूचना द्या. दर वाढवणे शक्यच नसेल तर महिनाभर प्रत्येक ग्राहकाला गेलेले तास लिहून ठेवा, फोन आणि दुरुस्त्या धरून. मिळालेल्या रकमेला त्या तासांनी भागले की सर्वांत कमी देणारे काम कोणते ते दिसेल. ते सोडा आणि मोकळी झालेली वेळ सुट्टीला द्या. वार एकच ठरवा, ग्राहकांना तो आधी कळवा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत मिळेल तेही सांगा.