खाडीच्या वाऱ्यावर द्राक्षं लावण्याआधी

दापोलीत खाडीचा वारा लागतो म्हणून तू वाइनची द्राक्षं लावायला निघालास, पण आधी कॅलिफोर्नियातलं लोडाय हे वाइनच्या द्राक्षांचं गाव समजून घे. तिथे दिवसा खोरं तापतं, हवा वर जाते आणि संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून, नद्यांच्या त्रिभुज प्रदेशावरून गार वारा आत ओढला जातो. रात्र थंड पडली की मण्यांतलं आम्ल टिकतं, आणि वाइनची सगळी तरतरी त्यावरच! शिवाय तिथला उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. आपला खारा वारा दमट, उन्हाळ्यात रात्रीही घाम फुटतो. दमट हवेत फोफावणारा केवडा हा बुरशीचा रोग वेलाला सोडणार नाही. वाइन शिकायचीच असेल तर नाशिकची शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन चाख, कुठे मिळाली तर कॅलिफोर्नियाच्या त्याच त्रिभुज प्रदेशातल्या क्लार्क्सबर्गचीही शेजारी ठेव. जमिनीत मात्र काजू-कोकमच लाव.