बर्फावर पहिल्यांदा जाणाऱ्या सोलापूरकराला

गुलमर्गचा स्कीइंग कोर्स ठरवलास, झकास! पण तयारीसाठी सोलापुरात डोंगर शोधत फिरू नकोस बे, जिना पुरे. चढण्यापेक्षा उतरण्यावर भर दे. स्कीइंगमध्ये मांड्या आणि गुडघेच आधी बोलायला लागतात.

बर्फावर स्कीची (पायाला अडकवायच्या लांब पट्ट्यांची) पुढची टोकं जवळ, मागची एकमेकांपासून लांब ठेवली की वेग आटोक्यात राहतो. यालाच स्नोप्लाउ म्हणतात. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि तिथेच ताबा जातो. नडग्या बुटाला टेकवून पुढे झुक. पडणं अटळ दिसलं तर चढाच्या बाजूला, कुशीवर पड. हात टेकू नकोस, मनगट जातं.

सुती बनियन घालू नकोस. घामाने भिजलं की वाळत नाही, अंग गार पडतं. (सोलापुरी चादर खोलीवर खुशाल ने!) गॉगल हवाच. आपण चाळीस अंशांचे उन्हाळे काढतो खरे, पण बर्फावरचं ऊन खालूनही डोळ्यांवर येतं.

अशा कोर्सने आयुष्य बदलतं का, विचारलंस. २०११ मध्ये चालत्या रेल्वेतून ढकलल्यामुळे पाय गमावलेली अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोचली. काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. माझ्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाचं म्हणशील, तर चारचौघांत पडायची लाज गेली. तिथली चिमुरडी पोरं शेजारून सुसाट जातात, काय करणार!

स्की, बूट विकत घेऊ नकोस, भाड्याने मिळतात. बूट मात्र घालून, थोडं चालून, मगच पैसे दे.