तोंडात तीन बोटं जातात का?

या खेपेला दात आणि तोंडाबद्दल आलेल्या पत्रांतली निम्मी मी न उघडताच ओळखली असती. उष्णता, मशीनने सैल झालेले दात आणि रविवारपर्यंतच चालू असलेली एखादी सवलत. तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येतात, म्हणून पुन्हा लिहिते. काहींना एका ओळीत उत्तर दिलंय. एका पत्राला जरा जास्त वेळ दिलाय, तो का ते वाचल्यावर कळेल.

प्रश्न : दात साफ करून घेतल्यावर आईचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. मशीनने मुळं सैल होतात म्हणे. (सातारा)

नाही होत. दात आधीच हलत होते, कीटणाच्या थराने ते एकमेकांना चिकटून उभे होते इतकंच. मुळाभोवतीचं हाड किती झिजलंय ते एक्स-रे काढून हिरड्यांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि लवकर.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जायलाच हवं का? की हा बिल वाढवायचा प्रकार? (पुणे)

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. 'इंटरव्हल' नावाच्या चाचणीत २३७२ प्रौढांना चार वर्षं पाहिलं आणि २०२० साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी येणारे आणि ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार कमी-जास्त अंतराने येणारे, यांच्या हिरड्यांत फरक दिसला नाही. हे वाचून लगेच खूश होऊ नका. ती माणसं मुळात नियमित तपासून घेणारी होती. आपल्याकडे 'दुखत नाही म्हणजे चांगलं आहे' हाच नियम चालतो. तुम्हाला मधुमेह असेल, तंबाखू-सुपारी असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर अंतर तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही. या तिन्हींपैकी काही नसेल, तर त्यांना सरळ विचारा, 'मी पुन्हा कधी येऊ, आणि तेव्हाच का?'

प्रश्न : कोळशाच्या पावडरने दात पांढरे होतात का? (नाशिक)

झिजतात. वरचा पांढरा थर झिजला की खालचा पिवळा दिसतो. बंद करा.

प्रश्न : मला बारा वर्षं मधुमेह आहे. हिरड्यांतून रक्त येतं. साखरेचे डॉक्टर तोंड बघत नाहीत, दातांचे डॉक्टर साखर विचारत नाहीत. दोन्हींचा संबंध असतो का? (सांगली)

असतो, आणि तो दोन्हीकडून असतो. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो. हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात यायला कुरकुरते. हिरड्यांचे खोल उपचार, म्हणजे मुळापर्यंतची सफाई, केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं काय होतं, याच्या ३५ चाचण्या एकत्र करून, अशा चाचण्या पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये आढावा घेतला. तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे हीच तीन महिन्यांची साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४३ ने खाली आला होता. म्हणजे ८.४ असेल तर आठच्या आसपास. आकडा छोटा वाटेल, पण साखरेच्या डॉक्टरांना विचारा, एवढ्या उतारासाठी ते कधी कधी एक गोळी वाढवतात.

याचा अर्थ दात साफ केले की गोळ्या सोडायच्या असा नाही. असं करून आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. दात काढायचा असेल तर आधी साखर तपासून जा.

प्रश्न : आईचं वय ७२, सगळे दात गेलेत. दोनदा कवळी करून दिली, दोन्ही डब्यात पडून आहेत. एका शिबिरात 'एका दिवसात पक्के दात, लाइफटाइम गॅरंटी, रविवारपर्यंत निम्म्या किमतीत' असं सांगितलं. पैसे भरू का? (छत्रपती संभाजीनगर)

रविवारपर्यंत भरू नका. आईचं हाड रविवारनंतरही तेवढंच राहणार आहे. वारंटी मिक्सरला असते, माणसाच्या जबड्याला लाइफटाइम गॅरंटी देणाऱ्याने तिचा एक्स-रे तरी पाहिलाय का, हे आधी विचारा.

आता कवळीबद्दल. वरची कवळी टाळूला धरून राहते. खालचीला तसा आधार नसतो, जीभ तिला सारखी उचलते. शिवाय दात गेल्यावर हाड दर वर्षी थोडं थोडं बसत जातं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी घट्ट असलेली कवळी आज नाचते. पुष्कळदा आतून नवा थर देऊन, टोचणारी जागा घासून काम भागतं. ते होत नसेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रू, बसवून त्यावर कवळी अडकवता येते. बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटलं होतं. सगळा जबडा भरून इम्प्लांटची गरज दर वेळी नसते. मात्र मधुमेह, तंबाखू, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली औषधं हे सगळं आधी सांगावं लागतं. विशेषतः वर्षातून एकदा घेतलेलं हाडांचं इंजेक्शन लोक विसरतात, आणि नंतर जबड्याची जखम भरत नाही.

अजून एक. कवळी 'छान बसली' हे डॉक्टर ठरवतो, हे मला मान्य नाही. संशोधनात यासाठी प्रश्नावल्या वापरतात. संशोधक गॅरी स्लेड यांची १९९७ सालची चौदा प्रश्नांची प्रश्नावली जगभर चालते. त्यात दात मोजत नाहीत. जेवताना अवघडल्यासारखं होतं का, बोलताना शब्द अडतात का, तोंडामुळे चिडचिड होते का, असं विचारतात. मी त्यात माझा एक प्रश्न घालते : आई पाहुण्यांबरोबर पंगतीला बसते, की 'तुम्ही घ्या, मी मागून जेवते' म्हणते? तुम्हीही घरी हे बघा आणि उत्तर कृत्रिम दातांच्या डॉक्टरांना सांगा. त्यांना मापापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा. वर्षभरापासून तिखट लागलं की तोंडाची आग होते. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणलं, गुलकंद दिला, सब्जाही चालू आहे. आता पाणीपुरी तोंडात जात नाही. तंबाखू अजिबात नाही, खर्राही सोडला, फक्त सुगंधी सुपारी खातो. उष्णता कमी व्हायला काय द्यावं? (चंद्रपूर)

उष्णता नाही ही. काही देऊ नका. हे वाचून झालं की मुलाला आरशासमोर उभं करा.

त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांच्या मधून घालायला लावा. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर हा घरगुती उपायांचा विषय राहिलेला नाही. मग गालाच्या आतून बोट फिरवा. मऊ लागायला हवं, तिथे ताणलेल्या दोऱ्या लागतात का? आतली कातडी पांढुरकी दिसते का? जीभ ओठांच्या बाहेर पुरती येते का? शिट्टी वाजते का?

याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यावर लिहिलं. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ आम्हाला हा रोग ठाऊक आहे, आणि सत्तर वर्षं लोक त्यावर गुलकंद देताहेत.

'फक्त सुपारी' हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त ऐकू येतात. अहो, हा रोग सुपारीचाच आहे. सुपारीतलं अरेकोलिन कातडीखालच्या पेशींना तंतू बनवायला लावतं, आणि सुपारीतलं तांबं ते तंतू एकमेकांना घट्ट विणायला मदत करतं. असे विणलेले तंतू शरीराला सहज मोडता येत नाहीत. गाल हळूहळू कातडी पट्ट्यासारखा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही २००४ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्यांत, ठेवलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण सुपारीची पुडी कधी मुखवास म्हणून, कधी लग्नात पानाबरोबर, तर कधी पोराच्या खिशात चॉकलेटसारखी फिरतच राहिली. पाकिटावर केशराचं चित्र असतं. पाकीट उघडून वास घ्या आणि सांगा, केशर कुठे आहे.

आता उपचारांबद्दल, कारण इथेही बरंच काही विकलं जातं. गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देतात, लायकोपिनच्या गोळ्या देतात, तोंड उघडायचे व्यायाम करून घेतात. तोंड फारच बंद झालं असेल तर शस्त्रक्रिया करून पट्टे कापतात. यातला कोणता उपाय भरवशाचा, याचा आढावा कॉक्रेनने २००८ मध्ये घेतला आणि ठाम सांगण्याजोगा पुरावा सापडला नाही. त्यानंतर चाचण्या वाढल्या, पण बहुतेक छोट्या, थोड्या महिन्यांच्या आणि मिलिमीटरमध्ये मोजलेल्या. तीन महिन्यांत तोंड पाच मिलिमीटर जास्त उघडलं की निष्कर्ष छापून येतो. वर्षभराने तो मुलगा घरच्यांबरोबर तीच भाजी खातोय का, हे फार थोडे जण विचारतात. म्हणून 'दहा इंजेक्शनांत पूर्ण बरा' असं कोणी लिहून देत असेल तर तिथून उठा. झालेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. सुपारी आज बंद केली तर रोग बहुधा आहे तिथे थांबवता येतो, व्यायाम रोज आणि महिनोन्महिने केला तर काही मिलिमीटर परत मिळतात. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा आवळतं. आग मात्र उपचारांनी बऱ्यापैकी कमी होते. पोरं नेमकी तिथेच फसतात. आग थांबली की पुडी पुन्हा सुरू.

आणि ज्याचं नाव घरात कोणी काढत नाही ते. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या पाच जणांना कर्करोग झाला. बाकीच्यांना झाला नाही, हेही खरं. पण हे पाच कोण, ते आधी ओळखता येत नाही. म्हणून असं तोंड दर काही महिन्यांनी कोणीतरी उजेडात बघायला हवं. नुसतं बघण्यानेही किती फरक पडतो, हे तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीत दिसलं. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. मशीन नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, प्रकाश आणि डोळे.

मशेरी लावणाऱ्या आज्या-काकूंनाही हेच लागू. 'मी खात नाही, फक्त लावते' हे उत्तर मी ऐकत नाही. तोंडातली जखम किंवा लाल-पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर 'तोंड आलंय' म्हणून घरी बसायचं नाही. मुलाला या आठवड्यात जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात न्या. पुडी बरोबर न्या, लपवू नका, आम्ही ओरडतो पण पोलिसांत देत नाही.

प्रश्न : वडिलांच्या जिभेच्या कडेला छोटा कर्करोग निघाला. मानेत गाठ नाही, तरी डॉक्टर मानेचंही ऑपरेशन करू म्हणतात. काका म्हणतात, सुरी लागली की पसरतो. मान सोडून द्यायची का? (सोलापूर)

काकांना चहा द्या, निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या. सुरीने कर्करोग पसरत नाही, उशिराने पसरतो.

मानेचा प्रश्न खरोखर वादाचा होता, आणि त्याचं उत्तर मुंबईतून गेलं. टाटा मेमोरियलमध्ये मानेत गाठ न लागणाऱ्या, तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या, दुसऱ्याच्या गाठ आली तरच. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निकाल जाहीर झाले. तीन वर्षांनी आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे तुमचे डॉक्टर बिल वाढवत नाहीयेत. जिभेतला कर्करोग किती खोल गेलाय यावरही हे ठरतं, ते त्यांना विचारा. खांदा जड पडू शकतो, म्हणून फिजिओथेरपी पहिल्यापासून लावा. आणि पुढे किरणोपचार लागणार असतील तर त्याआधी खराब दातांचं काय ते करून घ्या. किरणोपचारांनंतर दात काढणं जबड्याला महाग पडतं.

प्रश्न : महाविद्यालयाच्या दवाखान्यात हिरड्यांच्या उपचारांच्या अभ्यासात भाग घ्या म्हणाले, फॉर्मवर सही मागितली. आपल्यावर प्रयोग तर करत नाहीत ना? (अमरावती)

करतात, तुमच्या परवानगीने. तोच तर फॉर्म आहे. तो मराठीत मागा, घरी न्या, सहीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. चार गोष्टी विचारा : नैतिकता समितीची मान्यता आहे का, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद आहे का, मधेच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील का, अभ्यासामुळे त्रास झाला तर खर्च कोणाचा. उत्तर देताना समोरचा वैतागला तर सही करू नका. नीट सांगितलं तर जरूर करा. वर मी जे आकडे दिले ते कोणीतरी असाच फॉर्म भरल्यामुळेच मिळालेत.

प्रश्न : पाचवा महिना आहे, दाढ ठणकतेय. बाळंतपणापर्यंत थांबू? (रत्नागिरी)

थांबू नका, गोळी मनाने घेऊ नका. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचारांना सोयीचा असतो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवून उद्याच जा. गरोदरपणात हिरड्यांचे उपचार केल्याने मुदतपूर्व बाळंतपण टळतं असं मात्र २००६ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं नाही. ते उपचार सुरक्षित आहेत, एवढं दिसलं. कोणी दुसरंच आमिष दाखवत असेल तर त्यासाठी पैसे देऊ नका.

प्रश्न : तोंडातल्या चट्ट्याचा फोटो पाठवते, निदान सांगाल का?

नाही. बोट लावल्याशिवाय चट्टा कळत नाही. किती दिवसांपासून आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीन आठवडे झाले असतील तर फोटो राहू द्या, तुम्ही जा.